हिरवळीचें दुखणें : वर कीं खालीं ?

हिरवळ ही वस्तु दिसावयास जितकी साधी तितकीच ती राखावयास अवघड आहे. शाळेच्या पटांगणाच्या कडेचा गवताचा पट्टा असो वा घरापुढील चार हात मोकळी जागा असो, पहिलीं दोन-तीन वर्षें गवत जोमानें वाढतें व पाहणाऱ्याचे डोळे निववितें. पुढें मात्र कांहीं उघड कारण नसतां तें पिवळें पडूं लागतें. मधून मधून टक्कल दिसूं लागतें, घातलेलें पाणी वरच्यावर वाहून जातें, आणि खत देऊनही नवी पालवी फुटत नाहीं. अशा वेळीं बहुधा दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "जमीन दबली आहे, तिला भोकें पाडा." दुसरा म्हणतो, "गवताच्या बुडाशीं वाळक्या काड्यांचा थर सांचला आहे, तो ओढून काढा." दोघेही जाणते असतात व दोघांचेही उपाय खरे असतात, परंतु ते एकाच दुखण्याचे दोन उपाय नव्हत. तीं दोन वेगवेगळीं दुखणीं आहेत, आणि वरून पाहणाऱ्यास तीं सारखींच दिसतात. आपल्या हिरवळीस त्यांपैकीं कोणतें जडलें आहे हें कसें ओळखावें, एवढेंच सांगण्याचा आमचा या लेखांत हेतु आहे.

कोणी म्हणेल कीं, गवतासारख्या क्षुल्लक वस्तूसाठीं इतका खटाटोप कशाला ? परंतु देशावरील पुष्कळ गांवीं चैत्र-वैशाखांत पाण्याचा प्रत्येक हंडा मोजून खर्चावा लागतो. ज्या हिरवळीचें पाणी मुळांपर्यंत पोंचतच नाहीं तिच्यावर ओतलेलें पाणी हें फुकट घालविलेलें पाणी होय. शिवाय ज्या जमिनीवर मुलें धांवतात व पडतात ती दगडासारखी कठीण असावी कीं मऊ असावी, हा प्रश्न आईबापांस तरी क्षुल्लक वाटूं नये. आणि गवत गेलें कीं दोष माळ्याच्या माथीं बसतो. त्या बिचाऱ्यानें तर रोज इमानानें पाणी घातलेलें असतें.

वरचें दुखणें : गादी

आपल्याकडील बऱ्याच हिरवळी हरळीच्या असतात. पूजेंत जिला दूर्वा म्हणतात तीच ही हरळी. वनस्पतिशास्त्रांत तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन असें नांव आहे. शेतकऱ्याची ही जुनी वैरीण. एकदां शेतांत शिरली कीं कुदळीनें खणून काढली तरी राहिलेल्या एका तुकड्यापासून पुन्हां उभी राहते. ज्या गुणामुळें शेतकरी तिला शिव्या देतो त्याच गुणामुळें माळी तिला पाळतो. तिचीं कांहीं खोडें जमिनीवरून सरपटत जातात, तर कांहीं जमिनीखालून वाट काढतात, आणि पेऱ्यापेऱ्यास मुळ्या व नवे कोंब फुटतात. कालांतरानें या खोडांचें व मुळ्यांचें, जिवंत तसेंच मेलेल्यांचें, एक दाट तपकिरी जाळें हिरव्या पात्यांच्या खालीं आणि मातीच्या वर तयार होतें. इंग्रजींत त्यास थॅच म्हणतात. आपण या लेखापुरती त्यास गादी म्हणूं.

ही गादी सर्वस्वी वाईट असते असें नाहीं. सुमारें अर्धा इंच जाडीपर्यंत ती उपकारकच आहे. ती मातीचें उन्हापासून रक्षण करते, ओलावा धरून ठेवते, आणि पडणाऱ्याचा गुडघा वांचविते. अर्ध्या इंचाच्या पुढें गेली म्हणजे मात्र तिचा स्वभाव पालटतो. थॅच या शब्दाचा मूळ अर्थच गवती छप्पर असा आहे, आणि जाड गादी छपराचेंच काम करूं लागते. ती एकदां कोरडी झाली कीं पाणी आंत घेत नाहीं. पाऊस पडला तरी खालची माती कोरडीच राहते. उलट, ती भिजून राहिली कीं बुरशीस व किडींस आसरा मिळतो. मुळ्यांनाही मातींत उतरण्याचें कारण उरत नाहीं; त्या गादींतच पसरतात, आणि दोन दिवस पाणी चुकलें कीं गवत मान टाकतें.

कापलेलें गवत जागेवरच पडूं दिल्यानें ही गादी तयार होते असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. पात्यांत बहुतांशीं पाणी असतें व तीं लवकर कुजून जातात. गादी होते ती खोडांची, पेऱ्यांची व मुळ्यांची. कारण त्यांत लिग्निन नांवाचें चिवट द्रव्य अधिक असतें आणि तें कुजावयास फार काळ लागतो. नवें गवत वाढण्याचा वेग आणि जुनें कुजण्याचा वेग यांचा तोल बिघडला म्हणजे गादी चढूं लागते. नत्रयुक्त खत वाजवीपेक्षां अधिक घातलें तर वाढ बेसुमार होते. आणि गांडुळें, बुरशा व सूक्ष्म जंतु यांस माती मानवेनाशी झाली तर कुजण्याचें काम थांबतें.

याचें एक ठळक उदाहरण इंग्लंडांत पाहावयास मिळतें. रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनशाळेंत १८५६ सालीं गवताळ रानावर खतांचा एक प्रयोग सुरू झाला व तो अद्यापि चालूं आहे. त्यांतील ज्या तुकड्यांस वर्षानुवर्षें अमोनियम सल्फेट दिलें गेलें परंतु चुना दिला गेला नाहीं, त्यांची माती अतिशय आम्ल झाली. गांडुळें तेथून नाहींशीं झालीं आणि न कुजलेल्या मेल्या गवताचा एक जाड थर जमिनीवर सांचून राहिला. पोतें आणून ओतलें म्हणजे गवताचें भलें होतें असें समजणाऱ्यांनीं हा प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

खालचें दुखणें : दबलेली माती

आतां दुसऱ्या दुखण्याकडे वळूं. माती ही भरीव वस्तु दिसते खरी, परंतु चांगल्या मातीच्या एकंदर आकारमानापैकीं जवळ जवळ निम्मा भाग पोकळ असतो. या पोकळींत कांहीं जागा पाण्यानें व कांहीं हवेनें भरलेली असते. मुळें आपल्याप्रमाणेंच श्वास घेतात. त्यांस प्राणवायु लागतो, व त्यांनीं सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायु बाहेर जावा लागतो. हा व्यवहार मातींतील मोठ्या छिद्रांवाटे चालतो. शेंकडों पावलें एकाच वाटेनें गेलीं, किंवा ओल्या जमिनीवर जड रूळ फिरविला, म्हणजे प्रथम हीं मोठीं छिद्रेंच चेपलीं जातात. उरलेलीं बारीक छिद्रें पाण्यानें तुंबून राहतात. आणि हवेंतून प्राणवायु जितक्या वेगानें पसरतो त्याहून पाण्यांतून तो सुमारें १०,००० पट सावकाश पसरतो. अशा जमिनींत मुळें गुदमरतात, वरच्या इंच-दोन इंचांतच आडवीं वाढतात, आणि पाणी डबक्यासारखें सांचून राहतें.

माणसाच्या पायाखालीं दबलेली जमीन बहुधा वरच्या दोन-तीन इंचांतच दबलेली असते. पाऊलवाटा, फाटकाजवळचा भाग, झोपाळ्याखालची जागा, खेळाचें मैदान, हीं या दुखण्याचीं घरें होत. नवीन बांधलेल्या इमारतीभोंवतीं मुरूम टाकून व रूळ फिरवून केलेली जमीनही याच जातीची असते.

आपल्या काळ्या मातीविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. काळी माती भिजली कीं फुगते व वाळली कीं आकसते. उन्हाळ्यांत तिला हात हातभर भेगा पडतात त्या यामुळेंच. शेतांत तिला अशी स्वतःची मशागत करण्याची संवड मिळते. परंतु हिरवळीस आपण वरचेवर पाणी घालतों. त्यामुळें ती भेगाळण्याइतकी कधीं वाळतच नाहीं, आणि ओल्या चिकणमातीवर पावलें पडत राहतात. म्हणून काळ्या मातीवरील हिरवळ फार लवकर दबते.

परीक्षा

दोन्ही दुखण्यांत गवत पिवळें पडतें व दोन्ही दुखण्यांत पाणी मुरत नाहीं. तेव्हां वरवर पाहून निदान करूं नये. हिरवळीच्या पोटांत डोकावून पाहावें. त्यासाठीं कोणतेंही मोठें साधन लागत नाहीं. एक खुरपें, एक पट्टी, एक वीतभर लांबीची लोखंडी सळई आणि दोन्ही तोंडें कापलेले दोन सारखे पत्र्याचे डबे एवढें पुरे.

पहिली परीक्षा फोडीची. कलिंगड विकणारा जशी त्रिकोणी फोड काढून आंतला रंग दाखवितो, तशी हिरवळीची तीन इंच खोलीची एक फोड खुरप्यानें काढावी. तिच्या बाजूस तीन थर स्पष्ट दिसतील : वर हिरवीं पातीं, मध्यें तपकिरी गादी, व खालीं माती. गादी बोटानें हलकेच दाबून पट्टीनें मोजावी. मुळें कोठें आहेत तेंही पाहावें. तीं गादींतच गुंतलेलीं असतील तर दोष वर आहे. मातींत शिरून लागलींच आडवीं वळलीं असतील तर दोष खालीं आहे. पाहून झाल्यावर फोड होती तेथें बसवावी, पायानें दाबावी व पाणी घालावें. ती पुन्हां जीव धरते. अशा फोडी एका ठिकाणीं न काढतां तीन-चार ठिकाणीं काढाव्या.

दुसरी परीक्षा सळईची. आदल्या दिवशीं जमीन चांगली भिजवावी व दुसऱ्या दिवशीं हातानें सळई आंत दाबावी. आदल्या दिवशीं भिजविणें फार महत्त्वाचें आहे. कारण कोरडी काळी माती दबलेली नसली तरीही दगडासारखीच लागते. मग जेथें कोणाचें पाऊल पडत नाहीं अशा जागीं, उदाहरणार्थ कुंपणाच्या कडेस, तीच सळई दाबून पाहावी. तेथें ती वीतभर सहज गेली आणि हिरवळींत दोन इंचांवर अडली, तर माती दबली आहे असें समजावें. नुसतें "कठीण लागतें" म्हणणें ही परीक्षा नव्हे. कशापेक्षां कठीण, हें सांगतां आलें पाहिजे.

तिसरी परीक्षा पाण्याची, आणि विद्यार्थ्यांस हीच सर्वांत आवडेल असें आम्हांस वाटतें. एक डबा हिरवळींत इंचभर रुतवावा. हातभर अंतरावर दुसऱ्या जागेवरील गवत व गादी खरवडून माती उघडी करावी व तेथें दुसरा डबा तितकाच रुतवावा. दोहोंत सारखें पाणी ओतावें व घड्याळ लावून बसावें. पहिल्यांतील पाणी तुंबून राहिलें आणि दुसऱ्यांतील झरझर जिरलें, तर अडथळा गादीचा आहे. दोहोंतही पाणी तसेंच उभें राहिलें, तर मातीच दबलेली आहे. दोहोंतही तें लवकर जिरलें, तर दोष या दोहोंपैकीं कोणताच नाहीं.

निर्णय

एवढ्या परीक्षा झाल्यावर निर्णय करणें कठीण नाहीं. चारच प्रकार संभवतात.

१. गादी अर्ध्या इंचाच्या आंत, माती मऊ. हिरवळीस या दोहोंपैकीं कोणताही उपाय करूं नये. कारण दुसरीकडे शोधावें. झाडाची सावली दाट झाली असेल. हरळीस सावली मानवत नाहीं. किंवा हुमणीनें मुळें खाल्लीं असतील. तसें असल्यास गवत सतरंजीसारखें हातानें उचलून येतें.

२. गादी जाड, माती मऊ. गादी ओढून काढावी. येथें भोकें पाडण्याचे श्रम बहुतांशीं वायां जातील.

३. गादी पातळ, माती दबलेली. भोकें पाडावींत. येथें दंताळें ओढणें म्हणजे अशक्त गवतास आणखी ओरबाडणें होय.

४. गादी जाड, माती दबलेली. प्रथम गादी काढावी व मग भोकें पाडावींत. क्रम उलटा केल्यास भोकें गादींतच राहतात, शिवाय पाडलेलीं भोकें केरानें बुजतात. गादी अर्ध्या इंचाहून थोडीशीच अधिक असेल तर मात्र नुसतीं भोकें पाडून, निघालेली माती चुरून वर पसरली तरी पुष्कळ काम होतें. कारण त्या मातींतील सूक्ष्म जंतु गादी कुजवूं लागतात.

उपाय

गादी काढण्याचें काम गवत जोमानें वाढत असतांना करावें, म्हणजे झालेली जखम लवकर भरून येते. हरळी ही उष्ण हवेंत वाढणारी वनस्पति आहे. थंडींत ती मंदावते, म्हणून पौष-माघांत तिला ओरबाडूं नये. पहिल्या सरी पडून गवत सळसळूं लागलें कीं तो काळ उत्तम. गवत आधीं बरेंच खालून कापावें, मग लोखंडी दंताळें एकदां उभें व एकदां आडवें ओढावें. निघालेला केर उकिरड्यावर टाकावा. त्याचें खत होतें. मोठ्या मैदानासाठीं उभ्या पात्यांचीं यंत्रें मिळतात. गादी इंचाहून अधिक जाड असेल तर ती एकाच वर्षीं समूळ काढूं नये. बहुतेक मुळें तींतच असतात, तेव्हां दोन हंगामांत थोडी थोडी काढावी.

भोकें पाडावयाचीं तीं खिळ्यानें नव्हे तर पोकळ नळीनें. टोकदार खिळा माती बाहेर काढीत नाहीं. तो ती बाजूस दाबतो, व भोंकाची भिंत पूर्वीपेक्षां अधिक घट्ट होते. पायांत खिळ्यांच्या चपला बांधून हिरवळीवर फिरण्याची जी युक्ति सांगतात ती यासाठींच निरुपयोगी आहे. पोकळ नळी मातीची सुपारीएवढ्या जाडीची लहानशी कांडी बाहेर काढते, आणि तितकी जागा खरोखरच मोकळी होते. नळीचें तोंड अर्ध्या ते पाऊण इंचाचें असावें, भोंक दोन-तीन इंच खोल जावें, व दोन भोंकांमधील अंतर तीन-चार इंच असावें. बाहेर आलेल्या कांड्या वाळल्या कीं चुरून तेथेंच पसराव्या. आरंभ करण्यापूर्वीं खालून पाण्याचा नळ किंवा विजेची तार गेली नाहीं ना, याची चौकशी करावी.

यांतील हिशेब पाहण्यासारखा आहे. तीन तीन इंचांवर भोंक पाडलें तर एका चौरस फुटांत १६ भोकें होतात. दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागेस १,६०० भोकें. अर्ध्या इंचाच्या नळीनें इतके श्रम करूनही जमिनीच्या पृष्ठभागापैकीं जेमतेम शेंकडा २ भाग मोकळा होतो. पाऊण इंचाच्या नळीनें शेंकडा ५. म्हणून एका वर्षाच्या कामानें चमत्काराची अपेक्षा धरूं नये, आणि जेथें वर्दळ आहे तेथें हें काम दर वर्षीं करावें.

त्यासाठीं मातीची ओल नेमकी साधावी लागते. मूठभर माती घेऊन दाबावी. तिचा गोळा होऊन बोटानें टोचतांच फुटला तर वेळ योग्य आहे. गोळा मेणासारखा चिकट राहिला तर थांबावें. अशा मातींत नळी घातल्यास भोंकाची भिंत गिलाव्यासारखी गुळगुळीत होऊन बंद पडते. काळ्या मातीवर या कारणास्तव आषाढ-श्रावणांत हें काम करूं नये. मृगाच्या आरंभीं किंवा पाऊस उघडल्यावर आश्विनांत करावें. कोंकणांतील जांभ्या मातींत पाणी लवकर निथळतें, परंतु तेथील माती बहुधा आम्ल असते व गादी कुजण्यास वेळ लागतो. अशा ठिकाणीं माती तपासून घेऊन, गरज असेल तरच व सांगितला असेल तितकाच, चुना द्यावा.

पुन्हां न व्हावें म्हणून

दोन्ही दुखण्यांवर खरा वैद्य एकच आहे, आणि तो फुकट काम करतो. तो म्हणजे गांडूळ. चार्लस् डार्विन यानें १८८१ सालीं गांडुळांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरांत दर वर्षीं १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरांतून जाते, असें अनुमान त्यानें त्यांत मांडलें आहे. गांडूळ गादीचा पालापाचोळा खालीं ओढून नेतें व जातां जातां हवेसाठीं बोगदे पाडतें, म्हणजे दंताळ्याचें व नळीचें काम एकटेंच करतें. पावसाळ्यांत हिरवळीवर त्याच्या मातीच्या बारीक गोळ्या दिसूं लागल्या कीं पुष्कळ लोक त्रासून औषध फवारतात. त्यांनीं आपला नोकर आपणच काढून टाकला असें समजावें.

बाकीचे नियम थोडे आहेत. पाणी रोज शिंपडण्यापेक्षां थोड्या दिवसांनीं परंतु खोल जिरेल असें द्यावें, म्हणजे मुळें खालीं उतरतात. एका कापणींत पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. ओल्या हिरवळीवर खेळूं नये व रूळ फिरवूं नये. जेथून लोक जाणारच तेथें फरशी बसवावी. पाटी लावून वाट बंद होत नाहीं. वर्षांतून एकदां चाळलेली पोयट्याची माती व कुजलेलें शेणखत यांचा पातळ थर गवतावर पसरून झाडूनें आंत सारावा.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत आपल्या घरापुढील, किंवा परवानगी घेऊन शेजाऱ्याच्या अंगणांतील, गवताची एक फोड काढून पाहा. गादी किती, सळई किती गेली, दोन डब्यांतील पाणी किती मिनिटांत जिरलें, हे आंकडे वहींत लिहून ठेवा. ते वडिलांस दाखवा, व माळी असेल तर त्यासही दाखवा. मग खत आणावें, दंताळें आणावें, नळी आणावी, कीं कांहींच न आणतां फक्त एका झाडाची फांदी छाटावी, हें ते आंकडेच सांगतील. गवत बोलत नाहीं. वरून तें एकाच रंगानें, पिवळेपणानें, आपलीं सारीं दुखणीं कळवितें. कोणतें दुखणें तें ओळखण्यासाठीं खालीं वांकून, हात मातींत घालून पाहावें लागतें. आणि तेवढे श्रम केल्यावर वैशाखांतील हंडाभर पाणीही मुळापर्यंत पोंचतें.